हळद : घरातली, खटल्यातली आणि बाटलीतली



इतिहास म्हटला की भोर-वेल्ह्याच्या माणसाची नजर आपोआप राजगड-तोरण्याकडे वळते, आणि ते योग्यच आहे. परंतु इतिहास काही गडांना आणि सनदांनाच असतो असे नाही. चुलीजवळच्या मिसळणाच्या डब्यालाही तो असतो. आज मी हळदीचा इतिहास मांडणार आहे. त्याला कारणही तसेच आहे. कारखान्यातील माणसाच्या तपासणीत 'यकृतावर चरबी आहे' असे निघाले, की तो डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य बाजूला ठेवतो आणि हळदीच्या गोळ्यांची बाटली विकत आणतो, हे मी संघटनेच्या कामात वरचेवर पाहतो. हा समज कोठून आला, हे पाहावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

आपल्याकडे हळद अंगाला लागते ती लग्नात, कपाळाला लागते ती जेजुरीच्या भंडाऱ्यात, आणि कापल्या-खरचटल्यावर ती जखमेत भरली जाते. हे ज्ञान कोणा एकाचे नव्हे. ते आजीकडून नातीकडे चालत आले. युरोपातील रसायनशास्त्रज्ञांनी १८१५ साली हळदीतील पिवळे द्रव्य वेगळे काढले व त्यास कर्क्युमिन हे नाव मिळाले. त्याची रचना १९१० साली उलगडली. तोवर हळदीवर कोणी मालकी सांगितली नव्हती.

ती सांगितली गेली १९९५ साली. जखम भरून येण्यासाठी हळद वापरणे हा आपला नवा शोध आहे, असे म्हणून अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने त्यावर पेटंट मिळविले. अर्ज करणारे संशोधक भारतीय वंशाचेच होते. त्यावेळी भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातील माशेल गावी जन्मलेले, गिरगावात आईच्या कष्टांवर वाढलेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद सांभाळून तेथे गेलेले. परिषदेने १९९६ साली त्या पेटंटाला आव्हान दिले. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतील असे ३२ दाखले जमविले. त्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकन कचेरीने पेटंटाचे दावे रद्द ठरविले. लोकांनी या झगड्याला हळदीघाटाची लढाई म्हटले, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा कोशच तयार करण्याचे काम सुरू झाले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. त्या खटल्यात प्रश्न एवढाच होता, की हा उपयोग नवा आहे की जुना? तो जुना ठरला. हळद सर्व रोगांवर गुणकारी आहे असा निवाडा कोणीही दिला नाही. यकृताचा तर तेथे विषयही नव्हता. परंतु विजयाच्या गुलालात हा भेद पुसला गेला. आपल्या स्वाभिमानाचे व्यापाऱ्याने भांडवल केले आणि जे सर्वांचे म्हणून सोडवून आणले, तेच बाटलीत भरून आपल्याला विकले.

आता बाटलीत काय असते ते पाहू. हळदीत कर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सोळा-सतरा ग्रॅम हळदीचा अर्क आला. भाजीत आपण चिमूटभर घालतो! कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसे शिरत नाही, म्हणून गोळीत मिऱ्याचा अर्क मिसळतात. बंगलोरच्या १९९८ सालच्या एका प्रयोगात त्यामुळे रक्तातील प्रमाण वीसपट वाढलेले दिसले. यकृतावरील चरबीसाठी या गोळ्यांचे काही प्रयोग, विशेषतः इराणमध्ये, झाले आहेत. काहींत रक्ततपासणीचे आकडे सुधारले. पण रोगी थोडे आणि मुदत बहुधा दोन-तीन महिन्यांची. एवढ्यावरून रोग हटतो असे म्हणता येत नाही.

उलट बाजूही आहे. अमेरिकेत २००४ ते २०२२ या काळातील नोंदींत हळदीच्या गोळ्यांनी यकृतालाच इजा झालेले १० रोगी आढळले. पाच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि एक दगावला. त्यांतील सातांच्या अंगी एक विशिष्ट आनुवंशिक खूण होती. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांकडे अशा १८ नोंदी आल्या व त्यांनी २०२३ साली जाहीर इशारा दिला. हे आकडे लहान आहेत. घरच्या हळदीला त्यामुळे भिण्याचे कारण नाही. मात्र ज्या अवयवाच्या रक्षणासाठी गोळी घ्यावयाची, त्यालाच क्वचित ती बाधते, हे गिऱ्हाइकाला कळावयास नको काय? आपल्याकडे अशा पुष्कळ गोळ्या कायद्याने औषध नव्हे, तर अन्न या सदरात मोडतात. त्यांच्या वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापावे लागते. ते वाचण्यासाठी मात्र भिंग लागते.

'पी हळद अन् हो गोरी' ही म्हण आपल्याच बायाबापड्यांनी घडविली. उतावळ्या इलाजाची थट्टा त्यांनी फार पूर्वीच करून ठेवली आहे. यकृतावरची चरबी उतरते ती वजन उतरल्याने. सत्तर किलोच्या स्थूल माणसाने पाच-सात किलो घटविले तर सूजही कमी होऊ शकते. त्यासाठी दारू सोडणे, साखर आवरणे, मधुमेह ताब्यात ठेवणे आणि रोज चालणे हवे. डोंगर चढणाऱ्या मावळ्यांच्या मुलखात चालणे कोणी शिकवावे असे नाही. पण रात्रपाळी करून बसने घरी येणाऱ्याला चालावयास वेळ आणि वेळेवर जेवण कोण देणार? म्हणून ही मागणी एकट्या रोग्याकडे नव्हे, मालकाकडेही केली पाहिजे : नियमित तपासणी, उपाहारगृहात धड अन्न, पाळ्यांची माणुसकीची आखणी.

आणि गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर गोळी त्याच दिवशी बंद करून दवाखाना गाठा. हळद भाजीत राहू द्या. तेथे ती आपली आहे, स्वस्त आहे आणि तिने आजवर कोणाचा विश्वासघात केलेला नाही.