काळेपणाचं माप : एक्स-रे फिल्मच्या घनतेची गोष्ट

आज सुरुवातीला एक छोटा प्रयोग करू. माझ्या हातात ही एक्स-रे फिल्मची पट्टी आहे. एका टोकाला जवळजवळ पारदर्शक, दुसऱ्या टोकाला काळीकुट्ट, आणि मध्ये पायरी-पायरीनं वाढत जाणारा काळेपणा. एकूण 21 पायऱ्या. आता मी विचारलं, की अकरावी पायरी किती काळी आहे, तर तुम्ही काय सांगाल? ‘मध्यम’, ‘बऱ्यापैकी’, फार तर ‘जरा गडद’. आणि उद्या मी दुसरी पट्टी आणली, तर ती आजच्यापेक्षा फिकी आहे का, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल? नाही सांगता येणार. शेजारी ठेवलेल्या दोन गोष्टींची तुलना डोळा उत्तम करतो, पण कालचा काळेपणा त्याच्या लक्षात राहत नाही.

आजची गोष्ट ही या काळेपणाला आकडा कसा मिळाला, आणि त्या आकड्यामुळे कोणाचं काय वाचलं, याची आहे.

ही गोष्ट दवाखान्यात सुरू होत नाही. ती सुरू होते इंग्लंडमध्ये, विडनेस नावाच्या गावात. लिव्हरपूलजवळचं हे गाव म्हणजे सोड्याचे कारखाने आणि त्यांचा धूर. तिथं दोन मित्र नोकरीला होते. फर्डिनांड हर्टर हा मूळचा स्वित्झर्लंडचा रसायनशास्त्रज्ञ, आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफिल्ड हा इंग्रज इंजिनिअर. ड्रिफिल्डला फोटोग्राफीचा नाद होता, आणि त्यानं तो हर्टरलाही लावला. पण हर्टर पडला शास्त्रज्ञ. काचेच्या प्लेटला प्रकाश किती वेळ द्यायचा, हे लोक अंदाजानं ठरवतात, हे त्याला पटेना. कारखान्यात सगळं मोजूनमापून करायचं, आणि घरी आल्यावर अंदाजपंचे?

मग दोघांनी सुट्टीच्या वेळात प्रयोग सुरू केले. मेणबत्तीसमोर प्लेट ठेवायची, मध्ये खाचा पाडलेली फिरती चकती लावायची. त्यामुळे प्लेटच्या एका पट्ट्याला जेवढा प्रकाश मिळेल, त्याच्या दुप्पट पुढच्याला, चौपट त्याच्या पुढच्याला. मग प्लेट धुवायची आणि प्रत्येक पट्ट्यातून किती प्रकाश पलीकडे जातो ते मोजायचं. 31 मे 1890 रोजी त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, तो फोटोग्राफीच्या नव्हे, तर रासायनिक उद्योगांच्या सोसायटीच्या नियतकालिकात.

आता त्यांची खरी करामत बघा. एखाद्या पट्ट्यावर प्रकाशाचे 100 भाग पडले आणि पलीकडे 10 आले, तर तो प्रकाश दहापट अडवतो. पलीकडे 1 आला, तर शंभरपट. त्यांनी या पटीचा लॉगॅरिदम घेतला आणि त्याला घनता म्हटलं. दहापटीची घनता 1, शंभरपटीची 2, हजारपटीची 3. तुम्ही म्हणाल, साधी गोष्ट अवघड कशाला केली? तर याची कारणं आहेत. घनता 1 असलेल्या दोन फिल्म एकावर एक ठेवा. पहिली दहावा भाग सोडते, दुसरी त्याचा दहावा. मिळून शंभरावा भाग, म्हणजे घनता 2. घनतेची सरळ बेरीज होते! शिवाय प्लेटवरच्या चांदीचं रासायनिक मोजमाप केल्यावर त्यांना आढळलं, की घनता ही चांदीच्या प्रमाणातच वाढते. म्हणजे हा नुसता गणिताचा खेळ नव्हता. तो आकडा चांदीचा हिशेब सांगत होता.

मग त्यांनी आलेख काढला. आडव्या अक्षावर मिळालेल्या प्रकाशाचा लॉगॅरिदम, उभ्या अक्षावर घनता. आलेखाची रेषा खाली सपाट, मध्ये सरळ चढणारी, वर पुन्हा सपाट होत जाणारी. या वक्राला आजही ‘एच अँड डी कर्व्ह’ म्हणतात. त्याचा मधला चढ म्हणजे फिल्मचा कॉन्ट्रास्ट. त्या काळच्या फोटोग्राफर मंडळींना हे फारसं रुचलं नाही. डेव्हलपिंग ही आमची कला, तिचं गणित कसलं मांडता, असा सूर होता. कॅप्टन अ‍ॅबनेसारख्या नामवंतांशीही वाद झाले. पण 1898 मध्ये रॉयल फोटोग्राफिक सोसायटीनं दोघांना प्रोग्रेस मेडल दिलं. हर्टर त्याच वर्षी वारला.

दरम्यान 1895 च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत राँटगेनला क्ष-किरण सापडले होते. सुरुवातीची चित्रं काचेच्या प्लेटवरच घेतली जात. पुढे फिल्म आली, आणि 1918 मध्ये कोडॅकनं दोन्ही बाजूंनी लेप दिलेली एक्स-रे फिल्म आणली. घनतेची बेरीज होते, हे आठवतंय ना? दोन्ही बाजूंना थोडा-थोडा काळेपणा आला, तरी एकूण चित्र पुरेसं काळं होतं. त्यामुळे किरण कमी लागतात.

एक अडचण मात्र होती. फिल्ममधले चांदीचे कण प्रकाश इकडेतिकडे उडवतात. मोजणारं यंत्र फिल्मपासून लांब असेल, तर हा उडालेला प्रकाश त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि घनता उगाच जास्त दिसते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कॅलिए यांनी हा परिणाम अभ्यासला. म्हणूनच डेन्सिटोमीटरचं डोकं फिल्मवर टेकवूनच माप घेतात.

आता दवाखान्यात येऊ. समजा, डार्करूममधलं डेव्हलपर जुनं झालं, किंवा त्याचं तापमान दोन अंशांनी उतरलं. फिल्म फिकी येते. डॉक्टर म्हणतात, ‘फिल्म नीट येत नाहीये.’ टेक्निशियन काय करतो? किरणांची मात्रा वाढवतो. फिल्म पुन्हा काळी दिसायला लागते, सगळे खूश. पण दोष होता रसायनात, आणि त्याची भरपाई केली कोणी? पेशंटच्या शरीरानं! वर कॉन्ट्रास्ट गेला तो गेलाच. हे सगळं रोज थोडं-थोडं घडत जातं, म्हणून डोळ्याला कळत नाही.

स्तनांच्या एक्स-रेमध्ये, म्हणजे मॅमोग्राफीत, हे सर्वांत महागात पडतं. गाठीची घनता आणि आजूबाजूच्या निरोगी भागाची घनता यांत फरकच थोडा असतो. कॉन्ट्रास्ट घसरला की गाठ दिसत नाही, आणि बाईला ‘सगळं ठीक आहे’ असं सांगून घरी पाठवलं जातं. अमेरिकेत 1980 च्या दशकात पाहणी झाली, तेव्हा ठिकठिकाणच्या चित्रांच्या दर्जात मोठी तफावत आढळली. अखेर 1992 मध्ये तिथं मॅमोग्राफीच्या दर्जासाठी खास कायदाच झाला.

त्या व्यवस्थेत रोज सकाळी, पहिल्या पेशंटच्या आधी, एक काम ठरलेलं असे. सेन्सिटोमीटर नावाच्या यंत्रानं फिल्मवर ठरावीक प्रकाशाच्या 21 पायऱ्या उमटवायच्या. माझ्या हातातली पट्टी तीच. ती प्रोसेसरमधून काढायची, डेन्सिटोमीटरनं मोजायची आणि तीन आकडे तक्त्यावर मांडायचे. पहिला, 1.20 च्या आसपासच्या पायरीची घनता. दुसरा, एक गडद आणि एक फिकी पायरी यांतला फरक, म्हणजेच कॉन्ट्रास्ट. तिसरा, प्रकाश न मिळालेल्या भागाचा काळेपणा. पहिले दोन आकडे ठरलेल्या पातळीपासून 0.15 पेक्षा जास्त हलले, किंवा तिसरा 0.03 पेक्षा जास्त वाढला, तर दोष दुरुस्त होईपर्यंत त्या प्रोसेसरमध्ये पेशंटची फिल्म घालायची नाही. बाहेर रांग लागली असली तरी नाही. किती साधी गोष्ट आहे बघा, पण मशीन थांबवायचा अधिकार टेक्निशियनला कोणी दिला, तर त्या आकड्यानं. ‘मला फिकी वाटते’ म्हटलं तर साहेब ऐकतीलच असं नाही. ‘0.15 च्या बाहेर गेली’ म्हटलं की ऐकावंच लागतं.

हाच आकडा दुसऱ्या बाजूनंही उपयोगी पडला. किरणांजवळ काम करणाऱ्यांच्या छातीवर फिल्म बॅज असायचा. फिल्म किती काळी झाली यावरून त्या माणसाला किती किरण लागले ते काढत. आपल्याकडेही टीएलडी बॅज येण्यापूर्वी हीच पद्धत होती. आणि पाइप, बॉयलर यांच्या वेल्डिंगच्या तपासणीत तर फिल्म आजही वापरतात. तिथं साधारण 2 ते 4 घनता लागते. घनता 4 म्हणजे दहा हजारांतला एकच भाग पलीकडे. ती बघायला प्रखर दिवाच हवा.

दवाखान्यांतून आता फिल्म जवळजवळ गेली. 2000 मध्ये अमेरिकेत डिजिटल मॅमोग्राफीला पहिली परवानगी मिळाली, आणि डेन्सिटोमीटर कपाटात जाऊ लागले. पण प्रश्न संपला का? आता पडद्याची चकाकी महिन्यामहिन्यानं उतरत जाते, आणि तीही डोळ्याला कळत नाही. म्हणून पडदेही मोजावे लागतात. शिवाय डिजिटल यंत्रात मात्रा गरजेपेक्षा जास्त दिली, तरी चित्र काळं पडत नाही, उलट छान दिसतं. फिल्म निदान चुगली तरी करायची!

तेव्हा पुढच्या वेळी एक्स-रे काढायला जाल, तेव्हा एवढंच विचारा : ‘मशीनची तपासणी शेवटची कधी झाली?’ विडनेसच्या त्या दोघांनाही हा प्रश्न आवडला असता. थांबतो.