वऱ्हाडातील पशुविज्ञानाचे शिक्षण आणि कोठ्याची भाषा

एखादे शास्त्र एखाद्या प्रदेशात रुजले असे केव्हा म्हणावे? महाविद्यालय निघाले, पदव्या मिळू लागल्या, एवढ्याने ते रुजते काय? अमरावती आणि अकोला या भागांतील पशुविज्ञानाच्या शिक्षणाचा इतिहास पाहताना हा प्रश्न टाळता येत नाही. कारण या इतिहासात संस्था क्रमाक्रमाने विद्यार्थ्याच्या गावाजवळ येत गेल्या. अध्यापनाची भाषा मात्र त्यांच्याबरोबर आली नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडातील विद्यार्थ्यास शेतीचे उच्च शिक्षण घ्यावयाचे तर १९०६ साली निघालेल्या नागपूरच्या कृषि महाविद्यालयाची वाट धरावी लागे. पशुवैद्यकासाठी १८८६ पासून मुंबई होती आणि १९४८ पासून जबलपूर. १९५५ मध्ये अकोल्यास कृषि महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा वऱ्हाड मध्यप्रदेशात होता. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचना झाली. वऱ्हाड मुंबई राज्यात आला व जबलपूर परराज्यात राहिले. १९५८ मध्ये नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, तेव्हा ही उणीव भरून निघाली. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांनी श्रद्धानंद छात्रालय आणि श्री शिवाजी शिक्षण संस्था यांच्या द्वारे शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षणाची वाट आधीच मोकळी करून दिली होती. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रात कृषिमंत्री होते. १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले.

पुढे ३ डिसेंबर २००० रोजी नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले व पशुवैद्यकाचे अध्यापन त्याच्याकडे गेले. त्यामुळे अकोल्यात एकच गाय दोन विद्यापीठांत अभ्यासली जाऊ लागली : कृषि महाविद्यालयात पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र या विभागात, आणि स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत.

या संस्थांत येणारा शेतकऱ्याचा मुलगा रिकाम्या हाताने येत नव्हता. वऱ्हाडात गोठ्याला कोठा म्हणतात. त्या कोठ्यात ढेप, कडबा आणि कुटार यांच्या सहवासात वाढलेल्या मुलास जनावराचे वय दातांवरून सांगता येई. कायमचे दात न आलेले जनावर अदात. पुढे दोनदाती, चारदाती, सहादाती. आणि चारही जोड्या पूर्ण झाल्या म्हणजे ते जुळले. पहिली जोडी साधारणतः दोन-अडीच वर्षांनी येते, चौथी पाचव्या वर्षाच्या सुमारास. वर्गात हेच कोष्टक इंग्रजीतून शिकविले जाते. जे त्याला येत होते तेच त्याच्यापुढे नवे म्हणून येते, आणि ते येत असल्याचे सांगावयास त्याच्यापाशी वर्गाची भाषा नसते. पुष्कळ विद्यार्थ्यांचे पहिले वर्ष अशा मौनात जाते. या मौनालाच अज्ञान समजण्याची चूक सहज होते.

याचा अर्थ गावच्या शब्दांत सारे शास्त्र सामावलेले आहे असा मात्र नव्हे. ‘गाय पान्हा चोरते’ हा प्रयोग पाहावा. त्यातील निरीक्षण अचूक आहे : कासेत दूध असूनही ते सडांत उतरत नाही. परंतु क्रियापदाने दोष गाईच्या माथी मारला आहे. पुस्तक सांगते की वासराच्या ढुशीने वा हाताच्या स्पर्शाने मेंदूकडे संवेदना जाते, ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येते आणि काही मिनिटे पान्हा टिकतो. गाय भ्याली वा दुखावली तर ॲड्रिनलीनमुळे तो अडतो. गाय चोरी करीत नाही, ती बिचकलेली असते. शब्दात अनुभव आहे, पुस्तकात कारण आहे. ज्या विद्यार्थ्याला हे दोन्ही एकत्र मिळाले, तोच धार काढणाऱ्यास काठी बाजूला ठेवावयास सांगू शकतो.

उलट, कधी कधी लोकांचा शब्द शास्त्राच्या पुढेही असतो. पूर्णा नदीच्या काठावरील फिकट रंगाच्या म्हशीस लोक पूर्णाथडी म्हणत आले. थडी म्हणजे नदीकाठ. भीमथडीतही तोच शब्द आहे. शास्त्रीय लेखनात ही म्हैस नागपुरी जातीचाच एक प्रकार मानली जात असे. २०२३ च्या आरंभी राष्ट्रीय पातळीवर ती स्वतंत्र जात म्हणून नोंदविली गेली, आणि तीही लोकांनी दिलेल्याच नावाने.

इंग्रजीच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. संशोधन, उच्च शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षा आणि परप्रांतातील नोकरी यांसाठी ती आवश्यकच आहे. पण पदवीच्या अखेरच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी विद्यार्थी गावी राहतो, तेव्हा त्याची परीक्षा मराठीत होते. लसीकरणाची सूचना घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत याच नावांनी गावात पोहोचते. शासनाच्या भाषा संचालनालयाने कृषिशास्त्राचा परिभाषा कोश तयार केला आहे. तथापि कोशातील घडविलेला शब्द आणि कोठ्यातील वापराचा शब्द यांची गाठ वर्गातच पडावी लागते.

आज ही गरज अधिक निकडीची झाली आहे. वर्गात आता असेही विद्यार्थी बसतात की ज्यांच्या घरी कोठा नाही, ज्यांनी कधी दावण सोडलेली नाही. पूर्वीच्या अध्यापकास ‘वेत’, ‘भाकड’, ‘वगार’ हे शब्द विद्यार्थ्याने घरूनच आणले आहेत असे गृहीत धरता येत असे. आता तेही शिकवावे लागतील. एकेकाळी वर्गाने ज्यांची दखल घेतली नाही, त्या शब्दांना पुढील पिढीत वर्गावाचून दुसरा आश्रय उरेलच असे नाही. वऱ्हाडात पशुविज्ञान रुजले की नाही, याचे उत्तर संस्थांच्या संख्येत शोधण्यापेक्षा, गाय आटली की आटवली हे पशुपालकास विचारण्याचे पदवीधरास सुचते काय, यात शोधणे अधिक योग्य होईल.