माणसाच्या पंगतीतला खोकड

कुत्रा हा माणसाचा सर्वांत जुना सोबती, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान असतात. खोकडाला असा मान कधी मिळाला नाही. इसापनीतीतला खोकडही मराठीत येताना कोल्हा झाला आणि लबाड ठरला. हिंदी मुलखात वाढलेली आपली मुले तर त्याला 'लोमडी'च म्हणतात. पण जमिनीखालचा पुरावा खोकडाबद्दल वेगळेच सांगतो.

जॉर्डनच्या उत्तर भागात उयून अल्-हम्माम येथे सुमारे 16,500 वर्षांपूर्वीची दफने सापडली आहेत. तेव्हा शेती नव्हती, लोक शिकार करून आणि कंदमुळे वेचून जगत. तिथल्या एका कबरीत माणसाशेजारी खोकड पुरलेला होता. पुढे त्या माणसाची काही हाडे दुसऱ्या कबरीत नेली, तेव्हा खोकडाची कवटीही बरोबर नेली असावी, असे 2011 साली संशोधकांनी मांडले. मेल्यावरही दोघांची ताटातूट होऊ नये, अशीच ही धडपड वाटते.

दुसरी हकीकत अर्जेंटिनाची. मेंडोसा प्रांतातील कान्यादा सेका येथे 1991 साली योगायोगाने एक दफनभूमी उजेडात आली. सुमारे 1,500 वर्षांपूर्वीच्या त्या भटक्या शिकारी समाजातील किमान 24 माणसांच्या अवशेषांसोबत एका प्राण्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा होता. डीएनए तपासल्यावर तो आज नामशेष झालेला 'डुसिसायन एव्हस' ठरला. त्याला खोकड म्हणतात खरे, पण त्याचे कूळ आपल्या खोकडाहून निराळे. वजन 10 ते 15 किलो.

आपण जे खातो त्याची खूण हाडांतल्या कार्बन व नायट्रोजनमध्ये उरते. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या प्राण्याचा आहार रानातल्या जातभाईंपेक्षा तिथल्या माणसांच्या आहाराशी अधिक जुळला. हाडांवर कापल्याच्या खुणाही नव्हत्या. म्हणजे तो खाण्यासाठी मारलेला नव्हता. माणसांनी भरवलेला किंवा त्यांचे उरलेसुरले खाऊन वाढलेला होता. त्याला पाळीव म्हणावे की नुसता सोबती, हे हाडे सांगत नाहीत. पण आपल्या माणसांत त्याला जागा द्यावी, असे कुणाला तरी वाटले होते.

सुमारे 500 वर्षांपूर्वी ही जात नाहीशी झाली. कुत्र्यांशी संकर होऊन ती विरली असावी, असा एक तर्क होता. डीएनएने तो फारसा उचलून धरला नाही. बदलते हवामान आणि माणसाचा वावर ही कारणे अधिक संभवतात.

ज्या समाजांनी लिहून काही ठेवले नाही, त्यांच्या मनातली माया अशी कबरीतूनच वाचावी लागते. आपल्या माळरानांवर खोकड अजून आहे. निदान त्याचे मराठी नाव तरी मुलांना सांगू या.