दुआबाची लढाई : धर्माची की भूगोलाची?

शाळेत तालिकोटची लढाई शिकवली जायची, तो तास आम्हांला अजून आठवतो. पाच मुसलमान शाह्या एक झाल्या आणि त्यांनी हिंदू विजयनगर बुडवले, एवढेच गुरुजी सांगत. लगेच वर्गातले काही डोळे आमच्या बाकाकडे वळत. जणू १५६५च्या त्या स्वारीत आमचे आजोबाच घोड्यावर होते! त्या वयात उत्तर सुचत नसे. पुढे दख्खनचा नकाशा समोर घेऊन बसलो, तेव्हा ते सुचले.

नकाशात दोन नद्या शोधाव्यात. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा आणि तिला दक्षिणेकडून येऊन मिळणारी तुंगभद्रा. त्यांच्या मधला पट्टा म्हणजे रायचूरचा दुआब. हा शब्द फारसी. दोन पाण्यांमधली जमीन असा त्याचा अर्थ. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. वर्षाकाठी पाऊस साठ-पासष्ट सेंटिमीटर, तोही बेभरवशाचा. अशा कोरड्या मुलखात दोन्ही अंगांनी मोठ्या नद्या आणि मध्ये काळी जमीन. शिवाय पोटात सोने! हट्टीच्या खाणीतून ते आजही काढले जाते. जवळच मस्की येथे १९१५ साली सम्राट अशोकाचा शिलालेख सापडला. म्हणजे या पट्ट्यावर सत्ताधीशांची नजर फार जुनी.

दुसरी गोष्ट संरक्षणाची. विजयनगर वसले तुंगभद्रेच्या दक्षिण काठावर. नदी ओलांडली की दुआब सुरू. बहमनींची पहिली राजधानी गुलबर्गा, ती कृष्णेच्या उत्तरेला. मध्ये सह्याद्रीसारखी डोंगराची भिंत नाही. दुआब ज्याच्या हाती, तो निवांत झोपणार आणि दुसऱ्याने रात्र जागून काढायची. रायचूर आणि मुदगल या किल्ल्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडले, त्याचे इंगित इथे आहे.

ही लढाई मुसलमानांनी आणली असे म्हणावे, तर अकराव्या शतकात तंजावरचे चोळ आणि कल्याणीचे चालुक्य याच पट्ट्यासाठी झुंजत होते. तेव्हा दख्खनमध्ये सुलतान कुठे होते? १३३६ साली विजयनगर आणि १३४७ साली बहमनी राज्य उभे राहिले. माणसे बदलली, भांडणाची जागा तीच राहिली. १३६६च्या सुमारास बुक्करायाने मुदगल घेतले आणि महंमदशहा बहमनी चालून गेला. पुढे फिरोजशहा बहमनी आणि पहिला देवराय लढले, तहात सोयरीक झाली आणि काही वर्षांनी पुन्हा लढाई झाली. दुसऱ्या देवरायाने तर मुसलमान धनुर्धारी आणि घोडेस्वार मुद्दाम आपल्या फौजेत घेतले. ते बहमनी फौजेशी लढले. त्यांचा धर्म आड आला नाही.

भूगोलाने आणखी एक पेच घातला होता. दख्खनच्या हवेत चांगले लढाऊ घोडे निपजत नसत. ते अरबस्तान-इराणहून गलबतांनी येत. म्हणून गोवा, दाभोळ ही बंदरे म्हणजे राज्याच्या नाड्याच होत्या. १४७२ साली महमूद गावानने गोवा विजयनगरकडून घेतला. १५१० साली तो पोर्तुगीजांनी आदिलशहाकडून घेतला. १५२०च्या रायचूरच्या लढाईचे कारण पोर्तुगीज बखरकार नुनीझ असे देतो, की कृष्णदेवरायाने घोडे आणायला पैसे देऊन धाडलेला एक मुसलमान व्यापारी ती रक्कम घेऊन आदिलशहाकडे पळाला. एवढी मोठी रक्कम रायाने मुसलमानाच्याच हाती विश्वासाने सोपवली होती, हेही लक्षात घ्यायला हवे. या लढाईत इस्माईल आदिलशहा हरला. वेढ्यात रायाच्या बाजूने पोर्तुगीज बंदूकधारी होते. हिंदू राजा, ख्रिस्ती बंदुका आणि किल्ला रायचूरचा!

आता तालिकोट. या लढाईत शाह्या चारच होत्या. वऱ्हाडची इमादशाही तीत नव्हतीच. त्याआधीची वीस-बावीस वर्षे रामराय आज निजामशहाच्या, तर उद्या आदिलशहाच्या बाजूने लढत होता. १५५२ साली बुऱ्हाण निजामशहाने त्याच्या मदतीने सोलापूर घेतले आणि रामरायाने रायचूर-मुदगल. पुढे रामरायाचा मुलगा वारला, तेव्हा अली आदिलशहा मोजक्या स्वारांनिशी सांत्वनाला विजयनगरला गेला, अशी नोंद फिरिश्ता करतो. इब्राहिम कुतुबशहाने तर तरुणपणाची सात वर्षे रामरायाच्याच आश्रयाला काढली होती. मग ते एक का झाले? रामराय सर्वांना डोईजड झाला होता आणि दुआबाचे किल्ले त्याच्याकडे होते. अहमदनगर आणि विजापूर यांच्यातही सोलापूरच्या किल्ल्याचा तंटा होताच. तो कसा मिटला? चांदबिबीचा निकाह अली आदिलशहाशी लागला आणि सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून दिला गेला! लढाईनंतर रायचूर आणि मुदगल विजापूरकडे गेले. दोस्त पुन्हा भांडू लागले आणि १५७४ साली निजामशाहीने इमादशाहीच गिळली.

या लढायांत देवळे पडली, मशिदीही पडल्या; विजयनगरची लूट झाली. ते झाकण्याचे आम्हांला कारण नाही. दरबारी तवारीखकारांनी या लढायांना धर्माची भाषा दिली, हेही खरे. त्या काळी धन्याचा गौरव त्याच भाषेत होई. पण तहाची कलमे पाहावीत. तिथे धर्म क्वचितच येतो; येतात ती किल्ल्यांची, महालांची आणि खंडणीची नावे. जमातवादी इतिहासकार, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, गौरवाची भाषा उचलतात आणि कलमे सोडून देतात.

कृष्णेचा तंटा अजून मिटलेला नाही. १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७६ साली महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी पाणी वाटून दिले. त्यानंतर दुसरा लवादही नेमावा लागला. अलमट्टी धरणाच्या उंचीवरून सांगली-कोल्हापूरचा माणूस आजही अस्वस्थ होतो. या भांडणात कोणी कोणाचा धर्म विचारत नाही. सगळे पाणी मोजतात. मग सहाशे वर्षांपूर्वीच्या त्याच काठांवरच्या भांडणासाठी आज वर्गातल्या एखाद्या पोराला मान खाली घालायला का लावावे? इतिहासाच्या तासाला गुरुजींनी भूगोलाचा नकाशाही फळ्यावर टांगावा, एवढीच आमची मागणी आहे.