गंजिफेची कोरी पाठ

सावंतवाडीच्या गंजिफेची छायाचित्रे पाहताना नजर साहजिकच चित्रांवर खिळते. मत्स्य, कूर्म, वामन, परशुराम. तळहातावर मावणाऱ्या गोल चकतीवर एकेक अवतार. कारागिराची खरी कसोटी मात्र पत्त्याच्या दुसऱ्या बाजूला लागत असे. तिथे काहीच रंगवलेले नसते.

हे समजण्यासाठी आधी खेळ समजून घ्यावा लागतो. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा गट असतात. प्रत्येक गटात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, म्हणजे एकूण १२० पत्ते. खेळणारे बहुधा तिघे. प्रत्येकाच्या हाती ४० पत्ते. हुकूम नसतो. दिवसा डाव रामाच्या राजाने उघडायचा, रात्री कृष्णाच्या. निम्म्या गटांत दश्शी मोठी, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. कोणता पत्ता पडून गेला आणि कोणता अजून दडून आहे हे ध्यानात ठेवणे, हाच या खेळाचा प्राण. अशा खेळात एखाद्या चकतीची कड किंचित पुढे आली किंवा पाठीवर ओळखीचा ओरखडा राहिला, तर तो पत्ता उपडा असूनही उघडा पडला. स्मरणशक्तीला मग काही काम उरत नाही.

थोडक्यात, १२० चकत्या मापाने, जाडीने आणि पाठीच्या रंगाने एकसारख्या हव्यात, आणि तेही कोणत्याही यंत्राशिवाय. कागदाचे थर चिंचोक्यांच्या खळीने एकमेकांवर चिकटवून वाळवले जात. त्यावर खडूच्या भुकटीचा लेप देऊन गुळगुळीत दगडाने घोटाई होई. घोटाई कमी पडली तर पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि बारीक कुंचल्याची रेषा त्यात पसरते. मग वर्तुळे आखून कापायची, गटागटाच्या ठरलेल्या रंगाची भुई भरायची, तिच्यावर चित्र काढायचे आणि शेवटी लाखेचा मुलामा द्यायचा. चित्रात चितारी आपली लकब दाखवू शकत असे. एका मत्स्याचा डोळा दुसऱ्याहून थोडा मोठा झाला तरी बिघडत नाही. कापणीत आणि पाठीच्या लाखेत मात्र हाताची ओळख पूर्ण पुसावी लागे.

गोल आकाराचे कारण सांगताना बहुधा सौंदर्याचा उल्लेख होतो. व्यवहार अधिक पटणारा आहे: पत्ता सर्वांत आधी झिजतो तो कोपऱ्यात, आणि वर्तुळाला कोपरा नसतो. अर्थात सर्वच गंजिफा गोल नव्हत्या. इराणी पत्ते चौकोनी असत.

इराणचा उल्लेख येताच काही वाचक नाराज होतात, कारण दशावतार पाहून हा खेळ प्राचीन भारतीय असल्याचे संदेश सर्वत्र फिरत असतात. ‘गंजिफा’ हा शब्दच फारसीतून आलेला आहे. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या काळातील बारा गटांच्या पत्त्यांचे वर्णन केले आहे. नंतर रूढ झालेल्या मोगल गंजिफेत ९६ पत्ते होते आणि ताज, शमशेर, नाणी अशी तिच्या गटांची चिन्हे. त्यांच्या जागी अवतार आले, गट आठांचे दहा झाले, आणि दरबाराचा खेळ वाड्यांच्या ओसरीवर पोहोचला. परका खेळ इतका आपलासा करून घेणे, हे प्राचीनत्वाच्या दाव्यापेक्षा कमी अभिमानास्पद नाही.

१८३१ मध्ये लंडनच्या थॉमस डे ला रूला पत्ते छापण्याच्या नव्या पद्धतीचे एकस्व मिळाले. पुढे शतकभरात छापील, यंत्राने कापलेले ५२ पत्ते हिंदुस्थानच्या बाजारपेठेत स्थिरावले. ‘इंग्रजांनी गंजिफा मारली’ हे विधान त्यामुळे अर्धेच खरे ठरते. चितारी ज्या एकसारखेपणासाठी दिवसचे दिवस खर्ची घालत असे, तो पोलादी साच्याच्या एका दाबात मिळू लागला. यंत्राने हरवले ते कापणीत. चित्रांशी त्याची स्पर्धाच नव्हती. शिवाय १२० पत्ते लक्षात ठेवण्यापेक्षा ५२ सोपे.

१९७०च्या सुमारास सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी या कलेचा शोध सुरू केला, तेव्हा ती जाणणारे पुंडलिक चितारी वयाने खूप थकलेले होते. त्यांच्याकडून राजघराण्याने ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांची नवी पिढी घडवली. हे श्रेय निर्विवाद आहे. नव्या ग्राहकाची गरज मात्र निराळी होती. तो संच विकत घेतो तो चित्रांसाठी. तिघांना बसवून डाव मांडणारे विरळाच. आता एखादी चकती काचेच्या चौकटीत बसवली जाते, तेव्हा तिची पाठ भिंतीकडे असते. ती इतर ११९ चकत्यांच्या पाठींशी जुळते की नाही, हे कोणी पडताळून पाहत नाही.