लाखाची अट आणि रिकामा तरुण

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस 1810 साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी पडली. ती पुन्हा उठली नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, वाड्यांभोवती पेठा वसल्या, तरी त्या भागाचे ‘लष्कर’ हे नाव कायम राहिले. जयेंद्रगंज ही याच लष्करातील वस्ती. जुन्या हायकोर्टाच्या आसपास वकिलांची कार्यालये दाटीने उभी राहिली, त्यामुळे विधीची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणाची पावले साहजिकच इकडे वळतात. आमचीही वळली होती. अंगावर काळा कोट होता, हाताशी ज्येष्ठांच्या कपाटातील पुस्तके होती; नव्हता तो केवळ पक्षकार! त्या दोन वर्षांत सायंकाळी देवळाच्या सभामंडपात बसलो की, कोणी ना कोणी वडीलधारा आपुलकीने विचारी, ‘सध्या काय चालले आहे?’ प्रश्न साधा, परंतु त्याचे उत्तर देण्यापेक्षा प्रदक्षिणेस उठणे आम्हांस सोपे वाटे.

त्याच दिवसांत जयेंद्रगंजातील एका आप्ताच्या घरी जुन्या चित्रफितीवर आम्ही ‘लाखाची गोष्ट’ पाहिला. आमच्या जन्माच्या कितीतरी आधीचा, 1952 सालचा हा बोलपट. दिग्दर्शन राजा परांजपे यांचे, लेखन व गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडके यांचे. खिशात दमडी नसलेले, कलेच्या नादात रमलेले दोन मित्र आणि त्यांच्यावर जीव जडलेल्या दोन तरुणी, एवढाच पसारा. परंतु मुलीचा धनवान पिता जी अट घालतो, तिच्यात या बोलपटाचे सारे मर्म आहे. ‘आधी लाख रुपये मिळवून दाखव’ असे हा गृहस्थ म्हणत नाही. तो स्वतःच लाख रुपये पुढे करतो आणि सांगतो, हे एका महिन्यात खर्च करून दाखव!

1952 साली लाख रुपये म्हणजे किती, हे आजच्या वाचकास सहज उमगणार नाही. त्या वर्षी सोने तोळ्याला शंभर रुपयांच्या आत होते. अर्थात त्या रकमेत हजार तोळ्यांहून अधिक सोने आले असते. अशी रक्कम अकस्मात हाती आल्यावर ती संपविणे किती कठीण, या कल्पनेवर अमेरिकेत 1902 साली ‘ब्रूस्टर्स मिलियन्स’ ही कादंबरी निघाली होती आणि तिच्यावर तिकडे अनेक चित्रपटही झाले होते. तेथील नायकापुढे वारसाहक्काचा प्रश्न आहे. येथे प्रश्न आहे तो लग्नाचा. हा फरक लहान नव्हे. आपल्याकडे तरुणाच्या योग्यतेची मोजदाद न्यायालयात फारशी होत नाही. ती होते मुलीच्या घरच्या बैठकीत.

हा विनोद तत्कालीन प्रेक्षकांस इतका जवळचा का वाटला असावा? मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले, तेव्हापासून पांढरपेशा कुटुंबात पदवी आणि नोकरी ही जणू एकाच माळेतील दोन रुद्राक्षे मानली गेली. पदवी मिळाली की नोकरी, नोकरी मिळाली की लग्न, असा क्रम ठरून गेला. पुढे पदवीधर वाढले आणि जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. माळ मध्येच तुटली, आणि कॉलेज संपले पण संसार सुरू झाला नाही अशा तरुणांचा एक नवाच वर्ग निर्माण झाला. घरात त्याला मुलगा म्हणून जेवण मिळे, पण माणूस म्हणून मत विचारले जात नसे.

ग्वाल्हेरीत ही स्थिती आणखी एका कारणाने तीव्र झाली. येथील मराठी कुटुंबांचा आधार म्हणजे दरबारची चाकरी आणि जहागिरीचे उत्पन्न. 1948 साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले. 1951 साली जहागीर निर्मूलनाचा कायदा आला. ग्वाल्हेर काही काळ मध्यभारताची हिवाळी राजधानी राहिले. 1956 साली मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळला गेल्यावर तेही संपले. अवघ्या आठ वर्षांत आजोबांच्या वेळची शिडी नातवाच्या पायाखालून निघून गेली. हे कायदे अन्याय्य होते असे आमचे म्हणणे नाही. जहागिरीत राबणाऱ्या कुळांच्या दृष्टीने ते न्यायाचेच होते. परंतु जहागीर गेली तरी जहागिरीच्या काळातील अपेक्षा वाड्यात तशाच राहिल्या, आणि त्यांचा भार त्या पिढीतील तरुणांनी वाहिला.

‘लाखाची गोष्ट’ पडद्यावर आला तो काळही ध्यानी घ्यावा. ‘रामजोशी’ (1947) आणि ‘अमर भूपाळी’ (1951) यांनी मराठी पडद्यावर शाहिरांचे युग आणले होते. ‘श्यामची आई’ अवघ्या वर्षाने येणार होता. या दोहोंच्या मध्ये शहरातील साध्या खोलीत राहणाऱ्या, ना शूर ना संत अशा तरुणाला नायकपद मिळाले. ती भूमिका करणारे राजा गोसावी तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात हा बोलपट लागला असता तिकीटविक्रीच्या खिडकीत खुद्द त्याचा नायकच बसलेला असे, ही आठवण पुणेकर आजही सांगतात. पडद्यावर लाख रुपये उधळणारा तरुण खिडकीमागे आण्यांचा हिशेब करीत आहे, याहून बोलका विनोद माडगूळकरांनाही लिहिता आला नसता!

नायिका रेखा आणि चित्रा या सख्ख्या बहिणी, माहेरच्या सुखटणकर. कोंकण-गोमंतकाच्या वाचकांस हे नाव परके वाटणार नाही. कोंकणीतील पहिला बोलपट ‘मोगाचो आंवडो’ 1950 साली आला होता, त्याच्याही नावात प्रेमाचीच ओढ आहे. माडगूळकर आणि फडके यांनी ‘लाखाची गोष्ट’नंतर तीनच वर्षांनी, 1955 च्या रामनवमीपासून, पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू केले. ज्या लेखणीने बेकार तरुणाचे लग्न जुळविण्याची खटपट केली तिनेच सीतास्वयंवरही गाइले. तेथेही पित्याची अटच होती. मात्र जनकाने पण लावला तो धनुष्याचा, थैलीचा नव्हे.

आता थोडे कायद्याविषयी. बोलपटातील पिता आमच्याकडे सल्ल्यास आला असता तर त्यास आम्ही काय सांगितले असते? 1872 च्या करार कायद्याच्या कलम 23 अन्वये लोकहिताविरुद्ध असलेला करार रद्दबातल ठरतो, आणि लग्न जुळविण्याच्या मोबदल्याचे करार न्यायालये याच सदरात घालीत आली आहेत. कलम 26 तर सज्ञान व्यक्तीच्या विवाहास प्रतिबंध करणारा करारच मानीत नाही. हिंदू विवाह कायदा 1955 साली आला, हुंडाबंदीचा 1961 साली. सज्ञान कन्येने आपला वर निवडला तर पित्याची अट कागदावर कितीही ठसठशीत असली तरी निरर्थक होय. परंतु कायदा जेथे संपतो तेथे आईचे डोळे आणि बापाचे मौन सुरू होते, आणि त्यांच्याविरुद्ध मनाईहुकूम देणारे न्यायालय अद्याप स्थापन झालेले नाही.

मराठी प्रणयविनोदाचा इतिहास पाहिला तर तरुणापुढील अडसर कसा बदलत गेला हे स्पष्ट दिसते. आचार्य अत्रे आणि मास्टर विनायक यांच्या ‘ब्रह्मचारी’त (1938) तरुणाने स्वतःच घेतलेले व्रत आडवे येते. ‘लाखाची गोष्ट’मध्ये बापाचा पैसा आडवा येतो. ‘मुंबईचा जावई’ (1970) आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) यांत अडचण जागेची. शहरात मन जुळते पण खोली मिळत नाही. ‘मुंबई-पुणे-मुंबई’त (2010) तर दोघेच दिवसभर पुण्यात हिंडतात, अट घालणारा बाप समोर नाही, मालकीण नाही, अडसर उरला आहे तो स्वतःच्या मनाचा. व्रत, पैसा, घर आणि मन! सत्तर-बाहत्तर वर्षांत अडसर बाहेरून आत सरकला. एक गोष्ट मात्र या साऱ्यांत कायम आहे. रिकामा दिसणारा तरुण आतून रिकामा नसतो, हे त्याच्या प्रेयसीस इतरांच्या आधी कळते.

हे केवळ पडद्यावरच घडते असे कोणी समजू नये. 1961 साली ग्वाल्हेरीत मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षपदी होत्या कुसुमावती देशपांडे. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला. कवी अनिल यांच्याशी त्यांचा विवाह 1929 साली झाला. त्याआधीची वर्षे दोघांनी अध्ययनात आणि पत्रव्यवहारात काढली. अनिलही वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेले. त्यांची ती पत्रे पुढे ‘कुसुमानिल’ या नावाने ग्रंथरूप झाली, म्हणून आज आपण जाणतो की ती प्रतीक्षा वाया गेली नव्हती. पत्रे प्रसिद्ध झाली नसती तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हिशेबी ती वर्षे रिकामीच ठरली असती.

असो. ‘लाखाची गोष्ट’चा शेवट सांगून आम्ही वाचकांचा आनंद हिरावीत नाही. तो बोलपट पाहून त्या रात्री जयेंद्रगंजातून घरी परतताना आम्ही पुष्कळ दिवसांनी मोकळेपणाने हसलो होतो, एवढे मात्र आठवते. आज आम्ही त्याच सभामंडपात प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूस बसतो. परवा पदवी घेऊन वर्ष उलटलेला एक मुलगा खांबाशी टेकून उभा होता. ‘सध्या काय चालले आहे?’ हे शब्द आमच्या ओठांपर्यंत आले, आणि तेथेच थांबले. त्याऐवजी आम्ही त्यास शेजारी बसवून घेतले आणि हल्ली तो काय वाचतो ते विचारले. आरतीची घंटा झाली तरी त्याचे सांगणे संपले नव्हते.