घरच्या घरी पॉपकॉर्नचा मका कसा पिकवायचा?

थिएटरमध्ये मिळणारे पॉपकॉर्न आणि नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या यांच्यामागचं तत्त्व एकच आहे. दाण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि दाणा फुटतो. पण पॉपकॉर्नचा मका आपल्या अंगणात पिकवता येतो का? येतो. गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या पेण तालुक्यातल्या हमरापूरसारख्या भातशेतीच्या गावातही येतो. फक्त हंगाम सांभाळावा लागतो.

कोणता मका लागतो?
भाजून खायचा गोड मका फुटत नाही. लाह्यांसाठी लहान, कडक सालीचा वेगळा मका लागतो. भारतात 'अंबर पॉपकॉर्न' आणि 'पर्ल पॉपकॉर्न' हे वाण विकसित झाले आहेत. मायक्रोवेव्हच्या पाकिटातले तेल-मीठ लावलेले दाणे पेरू नका.

कधी आणि कसा पेरायचा?
कोकणातल्या मुसळधार पावसात पाणी साचतं आणि मक्याची मुळं कुजतात. म्हणून भात कापल्यावर, नोव्हेंबरमध्ये पेरा. जागा भरपूर उन्हाची हवी. दाणा 2 ते 3 सेंमी खोल टाका. दोन ओळींत 60 सेंमी आणि दोन रोपांत 20 सेंमी अंतर ठेवा.

एकच लांब ओळ लावू नका. मक्याचं परागीभवन वाऱ्याने होतं, म्हणून तीन-चार आखूड ओळी शेजारी शेजारी लावल्या की कणसं नीट भरतात. तुरा आणि कणसाचे केस येतात तेव्हा पाण्याचा ताण पडू देऊ नका. जवळ दुसरा मका लावणंही टाळा.

खरी परीक्षा सुकवणीची
कणसाचं आवरण झाडावरच वाळू द्या. मग कणसं सोलून सावलीत, हवेशीर जागी टांगा. दाण्यात साधारण 14 टक्के ओलावा असेल तर लाही उत्तम फुलते. सुमारे 180 अंश सेल्सिअसला आतल्या वाफेचा दाब सालीला पेलवत नाही आणि दाणा फुटतो.

दर आठवड्याला चार-पाच दाणे फोडून बघा. लाही चिवट लागली तर अजून सुकवा. दाणे तसेच राहू लागले तर ते जास्त सुकले आहेत. अशा वेळी तीन वाट्या दाण्यांत चमचाभर पाणी घालून बरणी बंद करा आणि तीन-चार दिवस अधूनमधून हलवत राहा.

मग एवढी खटपट कशाला?
एका झाडाला एखाद-दुसरंच कणीस येतं. म्हणजे घरातल्या सगळ्यांना पुरेल एवढ्या लाह्यांसाठी काही झाडं आणि तीन-साडेतीन महिने लागतात. पातेल्यात पहिला दाणा तडतडतो तेव्हा हा हिशोब आठवतो. कोकणात आश्विन पौर्णिमेला नवान्न साजरं होतं, भाताच्या नव्या लोंब्या दाराला बांधतात. अन्न घरात येतं त्याआधी त्याला किती दिवस आणि किती हात लागतात, याचीच ती आठवण असते. स्वतः पिकवलेली मूठभर लाही खाल्ली की ताटात टाकून द्यायला हात सहज पुढे होत नाही.